हळदीला पाणी मी आणतो

६ एप्रिल, रविवार
पिकअप घरी आली. सेकंडहँड आहे, पण मन लावून वापरलेली. रोह्याजवळ वरशात, आमच्या गल्लीत एवढं रुंद नाक कुणाच्याच गाडीला नाही. अपेक्षाने ओवाळलं, नारळ फोडला आणि मग विचारलं, "आता हिचं करायचं काय?"
म्हटलं, बिझनेस. कंपनीत इतकी वर्षं स्टोअर सांभाळतोय. माल हलवणं माझ्या रक्तात आहे. (प्रत्यक्ष हलवतात हेल्पर. पण रक्त माझं.)
संकल्प: गाडी रोज पुसणार. पुढच्या वर्षी दुसरी घेणार.

७ एप्रिल
गाडी पुसायची राहिली. फर्स्ट शिफ्ट होती.

९ एप्रिल
सासुरवाडीहून फोन. मेहुणी भाविकाचं लग्न ४ मेला, हळद आदल्या दिवशी, दारात. आनंदाची बातमी, पण सासरे कान्हूमामा चिंतेत. धरमतरच्या खाडीकडचं गाव. चहूबाजूंनी पाणी, सगळं खारट. उन्हाळ्यात नळ म्हणजे रुसलेला पाहुणा. हळदीला अख्खं गाव जेवणार. टँकर सांगून ठेवलाय, पण तो ऐन वेळी येईल का, याची खात्री नाही.
माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, टँकरवाल्याला नको म्हणून सांगा. हळदीला पाणी मी आणतो."
मामा म्हणाले, "जावयबापू, पानी हाय ते. हंड्यान आनाल?"
म्हटलं, पिकअप आहे.
अपेक्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिकअपमध्ये किती पाणी मावतं, असं तिने विचारलं. उत्तर शोधतोय.

१२ एप्रिल
उत्तर सापडलं. ट्रेलर. नागोठण्याजवळ एका बंद वीटभट्टीवर पडून होता. दोन चाकं आणि वर ही भलीमोठी लोखंडी टाकी. गंज आहे, पण वरवरचा. आतूनही आहे, पण तोही वरवरचाच. बाबाजी मेकॅनिकने पिकअपला मागे हूक बसवून ट्रेलर जोडून दिला. टाकीवर थाप मारून म्हणाला, "अर्धीच्या वर भरू नका." बाबाजी चांगला माणूस आहे, पण झेप नाही.
रिकामा ट्रेलर ओढत वरशापर्यंत आणला. इतका सहज, की मागे काही आहे हेच विसरलो. नागोठण्याच्या स्टँडजवळ वळताना एका कलिंगडवाल्याने आठवण करून दिली. कलिंगडं गोड निघाली. फुटलेली सगळी घरी आणली.

१३ एप्रिल, रविवार
ट्रेलर फाटकातून आत घेताना एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे फिरवलं की डावीकडे. फिरवलंच नाही तर त्याच्या मनाला येईल तिकडे.
अपेक्षा मागे उभी राहून सांगत होती. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास. अहो, बास म्हटलं."
फाटकाचा खांब तसाही काढायचाच होता.

२० एप्रिल, रविवार
मैदानावर रिव्हर्सची प्रॅक्टिस. पोरांची मॅच चालू होती, ती थांबली. गाडी आणि ट्रेलर दोनदा अडकित्त्यासारखे दुमडले. तिसऱ्यांदा ट्रेलर अगदी सरळ मागे गेला आणि स्टंपांवर चढला. जी टीम हरत होती तिने टाळ्या वाजवल्या.
बराच विचार केला. रिव्हर्स कुणाला लागतो? जो रस्ता चुकतो त्याला. आपण चुकायचंच नाही. यापुढे धोरण एकच: फक्त पुढे.
मेहुणा विशालला फोन केला. मामांच्या घरामागच्या खळ्यातून गाडी गोल फिरून बाहेर पडते का? म्हणाला, "पूर्वी बैलगाडी फिरायची." म्हणजे फिरते.

२७ एप्रिल, रविवार
आज टाकी भरून ट्रायल घ्यायचा बेत होता. घेतली नाही. आपल्या गाडीची ट्रायल घेणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं.
अपेक्षाने चौथ्यांदा विचारलं, टँकर खरंच रद्द केलाय का. सासूबाईंना फोन लावला. धोंडुबाईमामी फार कमी बोलतात. म्हणाल्या, "तुमी आदी या व्हवं." हा होकार आहे.

२ मे
अपेक्षा पुढे गेली, एसटीने. म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चल, रुबाबात जाऊ. म्हणाली, तिला बहिणीच्या हळदीला पोचायचंच आहे. "च" वर जोर होता. दुर्लक्ष केलं.

३ मे, सकाळ
मित्राच्या विहिरीवर टाकी भरली. काठोकाठ. अर्धी टाकी घेऊन सासरी जाणं शोभत नाही. पिकअपचं नाक किंचित वर उचललं गेलंय, अभिमानाने असावं. ब्रेक लागायला नेहमीपेक्षा जरा जास्त रस्ता लागतो. रस्ता मोठा आहे.

३ मे, भिसे खिंड
गाडी थंड होतेय, तोवर नोंद. चढाला जळका वास यायला लागला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून काच वर केली. मग लक्षात आलं, पुढे ट्रक नाही. टेंपोवाला एक जण थांबला, वाकून बघितलं, म्हणाला, "दादा, क्लच रडतोय, वजन उतरवा." नाइलाजाने मागचा कॉक उघडला. निम्मं पाणी खिंडीत सोडलं. दोन म्हशी कुठूनशा आल्या आणि त्यात बसल्या. पुण्याचं काम झालं.

३ मे, पेण
अर्धी टाकी भरलेली असली की आतलं पाणी हिंडतं, हे बाबाजीने सांगायला हवं होतं. ब्रेक दाबला की गाडी थांबते. मग मागून पाणी येऊन पोचतं. मग गाडी परत निघते.
वडखळला अलिबागचा फाटा दिसला. इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला, पण पाण्याचं मत वेगळं पडलं. फाटा गेला. मागे घेणं धोरणात नाही. त्यामुळे सरळ पेणपर्यंत आलो, पंपावर गोल फिरलो. आलोच आहे तर पोह्याचे पापड घेतले. पापडांसाठी आलो होतो, असंच सांगणार.
अपेक्षाचे बरेच मिस्ड कॉल. रेंज नव्हती, असं सांगणार.

४ मे, पहाटे
काल लिहायला वेळ झाला नाही. आता सगळं क्रमाने, कारण नातेवाइकांत वेगवेगळ्या गोष्टी पसरायला लागल्यात.
गावाचा रस्ता खाडीच्या बांधावरून जातो. एक गाडी जाईल एवढाच, दोन्ही बाजूंना चिखल. निम्म्यात गेलो तर समोरून एसटी. ड्रायव्हरने हात हलवला, मागे घ्या. मीही हात हलवला. त्याने हॉर्न दिला. मी खाली उतरून सांगितलं की ही गाडी मागे जात नाही. त्याने विचारलं, "बिघडलीय?" म्हटलं, "नाही, धोरण आहे."
मग कंडक्टर खाली उतरला आणि एसटी, भरलेली, अख्खी, बांधावरून मागे मागे गावापर्यंत गेली. खिडक्यांतून सगळे पॅसेंजर माझ्याकडे बघत होते. आयुष्यात इतका मान कुणी दिला नव्हता. मी त्यांच्यामागून गावात शिरणारच होतो. मांडव दिसत होता, स्पीकर ऐकू येत होता.
शेवटच्या वळणावर, खाडीच्या पाण्याला अडवणारी उघाडी आहे तिथे, मी वळलो. ट्रेलर उशिरा वळला. त्याचं डावं चाक बांधावरून खाली सरकलं, टाकी कलली, आणि आतून मोठ्ठा गुडुप आवाज आला. पिकअप जागची हलेना.
मी उतरून बांधावर बसलो. एवढंच लिहितो.
मांडवातून माणसं यायला लागली. सगळ्यांत पुढे कान्हूमामा, अनवाणी, तापलेल्या डांबरावरून. मला वाटलं, आता बोलणार. ते माझ्याकडे आलेच नाहीत. टाकीला कान लावला. बोटांनी वाजवून बघितलं.
"पानी हाय ना आत?"
"हाय."
"मंग रडताव कशाला?"
मी रडत नव्हतो. उन्हात डोळ्यांतूनही घाम येतो.
तेवढ्यात मागे हॉर्न. अलिबागहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन करवल्या आल्या होत्या, जीप भरून. त्यांना पुढे जायला जागा नाही. त्यांच्या मागे आणखी एक हॉर्न. टँकर. काठोकाठ भरलेला टँकर. मी मामींकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "मी त्याला नको कुटं सांगितलं व्हतं?"
म्हणजे परिस्थिती अशी. टँकर आला होता, आणि त्याच्या वाटेत गावातली एकच अडचण होती. ती मी आणली होती, रोह्यापासून.
अपेक्षा कंबरेवर हात ठेवून उभी होती. सीटवरची पिशवी बघून तिने फक्त विचारलं, "पापड कसले?"
आणि मग भाविका आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात चप्पल. टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली रस्त्यावरच बसली. मला वाटलं, चक्कर आली. ती हसत होती. इतकी, की तिला बोलता येईना. "भावजी," म्हणाली, "अवं भावजी," आणि परत हसायला लागली. तिचं बघून करवल्या हसायला लागल्या. टँकरवालाही.
मामींनी पदर खोचला. "चला गो, हलद हितंच लावू. सूर्य बुडायची वाट बगताव काय?"
पाट आला. विशालने स्पीकर हातगाडीवर घालून आणला. बायकांनी हंडे-कळश्या लावून माझ्या टाकीतलं पाणी काढलं. गढूळ निघालं, थोडं गंजाचं, त्यामुळे प्यायला नको म्हणाल्या, पण हळद उतरवायला चालेल. चाललं. करवल्यांनी जीपच्या बॉनेटवर हळदीचं ताट ठेवलं. एसटीचे पॅसेंजर कंटाळून आले होते, तेही नाचले. ड्रायव्हर सगळ्यांत छान नाचला. मला हळद अशी लावली की कान सापडेनात. खाडीवरून वारा, पिवळं ऊन, आणि सगळा बांध नाचतोय. हळदीला असं ठिकाण पैसे देऊन मिळत नाही. हे मी सुचवलं नव्हतं, पण माझ्याशिवाय झालं असतं का?
टाकी रिकामी झाली तशी हलकी झाली. पुरुषांनी हूक सोडला, "हेसा" म्हणत ट्रेलर वर उचलला आणि ढकलत मामांच्या अंगणात नेऊन घातला. मग करवल्या गेल्या, टँकर गेला, एसटी सुटली. जेवणं वेळेत झाली. टँकरच्या पाण्यावर.

४ मे, रात्री
लग्न लागलं. निघताना भाविका सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यासमोर आली आणि रडता रडता हसली. म्हणाली, "भावजी, सगल्यांच्या हलदी इसरतील, माजी नाय इसरनार."
हे वाक्य तिने मनापासून म्हटलं. अपेक्षालाही तसंच वाटतं. विचारलं मी.

६ मे
ट्रेलर सासुरवाडीलाच आहे. अंगणात भिंत आणि बदामाचं झाड यांच्यामध्ये तो नाकाने आत गेलाय. खळ्याकडे जायला वाट नाही. तिथे विशालने संडास बांधलाय, हे फोनवर सांगायला हवं होतं. ट्रेलर बाहेर काढायचा तर मागेच घ्यावा लागेल.
मामा म्हणाले, राहू द्या. मामी टाकी घासून त्यात नळाचं पाणी साठवणार आहेत. मी अपेक्षाला म्हटलं, सासुरवाडीला कायमची पाणी योजना दिली. ती म्हणाली, "दिली नाय. अडकली."
खाडीकडच्या लोकांना मोठं काही दिसत नाही.

८ मे
बाबाजीने क्लच प्लेट काढून दाखवली. बराच वेळ हातात धरून बसला होता. मग नवी बसवली.

११ मे, रविवार
पिकअप विकायची नाही. लोकांना नुसती बघायला मिळावी म्हणून मोबाइलवर जाहिरात टाकतोय. अपेक्षा म्हणाली, खरं तेच लिहा. खरंच लिहिलंय:
पिकअप, पांढरी. लग्नकार्यात वापरलेली. क्लच नवा. पुढे अतिशय छान चालते. रिव्हर्स गिअर जवळजवळ न वापरलेला.