भागूवन्सं, कुर्र तुमीच करायची

घाटघर
दि. १७ जुलै २०२५

थोरल्या वन्सं भागूबाईंना लंकाचं पाया पडणं. आमी समदी खुशाल. तुमचं गुडघं कसं हायेत? डिंगोऱ्याला पाऊस बेताचाच असंल, इथं ढग दारातून आत येत्यात.

नात झाली वन्सं! आपल्या गोकुळला मुलगी. आज नववा दिवस. नाक वैजयंतीचं, आईचं, पण कपाळ डिट्टो तुमच्या भावाचं. ते असते तर गावभर मिरवलं असतं तिला.

ती झाली त्याच दिवशी आमची बांडी शेळी व्याली. करडू घटकाभरात उभं राह्यलं, पडलं, पुन्हा उभं. आता चुलीपाशी येऊन झाकणं पाडतंय मेलं. आन् आमची राणी? मान धरत न्हाई. नाकावर माशी बसली तरी हाकलता येत न्हाई. भूक लागली की रडायचं, ओलं झालं की रडायचं. वैजयंती हसती, "आई, हिच्यापरीस करडू बरं की!" मी म्हणलं, "बाई, करडाचं पाय त्याचं त्याला. हिचं पाय आपणच."

सव्वा महिना सुनेला उंबरा ओलांडू देणार न्हाई. भाताची आवणी चालू हाय, दोन खाचरं लावायची राह्यलीत. राहू देत.

तुमचा निरोप पोचला. गोकुळला बहीण न्हाई, तवा बारशाला कुर्र करून नाव सांगायचा मान त्याच्या आत्याचा, म्हंजी तुमचा. फोनच करणार व्हते, पण फोनवर तुमी मधीच बोलता. चौथी शिकले त्याचा आज उपयोग.

गोकुळला बहीण न्हाई, असं कसं म्हणालात वन्सं?

एक्केचाळीस वर्सं झाली. पोरीची पाचवी पुजली आन् दुसऱ्या दिवशी तुमी म्हणालात, "गाय व्याली की चरायला जाती, तुला काय धाड भरलीय? जा आवणीला, पोरीला मी बघते." मी गेले. त्याच दुपारी कपिला गाय व्याली. पावसाची झड पडवीत आली. तुमी वासरू उचलून चुलीपाशी नेलंत, पोत्यानं पुसलंत. पोरीची झोळी पडवीतच राह्यली. मी आले तवा वासरू कोरडं व्हतं. माझी पोर चिंब. रडायचीसुदिक थांबली व्हती. नवव्या दिवशी तापानं गेली.

आन् तुमी समद्यांना सांगितलंत, आईच भिजून आली, तिनंच गार दूध पाजलं. तुमच्या भावानं मरेपर्यंत तेच धरलं. मी बोलले न्हाई.

बाराव्या दिवशी तुमी तिचं नाव जया ठेवणार व्हता. ते राह्यलं.

तर रविवारी बारशाला या. गोकुळ जीप पाठवील. तुमच्यासाठी जरीकाठाची साडी आणलीय, पाळण्याशेजारी पाट मांडते. नाव ठरलंय, जया. सुनेला लई आवडलं. का ठेवलं, ते तिला ठाऊक न्हाई. तुमाला हाय. समद्या गावापुढं वाकायचं, पोरीच्या कानाला तोंड लावायचं आन् म्हणायचं. हळू म्हणालात तर मी म्हणीन, वन्सं, ऐकू आलं न्हाई, पुन्हा म्हणा.

आला न्हाईत, तर का आला न्हाईत ते पाळण्यापाशी उभी राहून मीच सांगीन.

पोरगी तुमच्या हातात मात्र देणार न्हाई. कान देईन, तेवढाच.

जयाची आई,
लंका