उदबत्ती आणि सायलेन्सर

बाई, तुमच्या लाल गाडीचा सायलेन्सर पुन्हा फुटला. मधल्या पाइपाचा जोड गंजला होता, आणि एके सकाळी मी गाडी सुरू केली तर अर्धी गल्ली गॅलरीत आली. तुम्ही गेल्यावर तुमच्या भावाने चावी मला आणून दिली त्याला बरीच वर्षं झाली, तरी आमच्याकडे ती अजून 'बाईंची गाडी'च आहे. आता माझा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी क्लचची गाडी सोडायला सांगितलं आहे. लेक कॉलेजात जाते, तिने लायसन्स काढलंय आणि तिचा डोळा गाडीवर आहेच. "आई, तो आवाज बंद झाला की गाडी मी नेते," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्याला क्लच नक्को." नवरा म्हणाला, "लाइट घे, एवढं मनाला लावून घेऊ नको. तुला ऑटोमॅटिक बघू." मी हो म्हटलं. सायलेन्सर मात्र मीच दुरुस्त करणार, एवढी अट घातली.

गाडी सोडायची म्हटल्यापासून मला जामबागची शाळा आठवते आहे. प्रयोगशाळेत जाताना आम्ही चपला दाराबाहेर काढायचो. नववीत होते मी. तास संपवून बाहेर येते, तर तुम्ही माझी चप्पल हातात घेऊन तळवा निरखताय. भौतिकशास्त्र शिकवणारी बाई कुणाची चप्पल हातात घेते, हेच आम्हाला नवल. बाकीच्या मुली पांगेपर्यंत तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "डावा पाय आखूड आहे ना तुझा? चवड्याकडे झिजलीय, टाच कोरी आहे." घरी हा शब्द कुणी उच्चारत नसे. आई 'थोडंसं कमी आहे' म्हणायची, आणि पाहुणे आले की मला आधीच खुर्चीवर बसवून ठेवायची, चालताना दिसू नये म्हणून. माझा चेहरा पडलेला पाहून तुम्ही जरा चिडलात. "हौ, आखूड आहे. मग? आतून चामड्याची पट्टी लावून घे, कंबर दुखायची थांबेल." कंबर दुखते हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. पट्टी लावली आणि पंधरवड्यात दुखणं गेलं. त्या दिवसापासून मी तुमची झाले.

गाडी तुम्ही घेतलीत तेव्हा मी नोकरीला लागले होते. जुनीच, पण लहान अंगात मोठं इंजिन असलेली, तरुण पोरांनी उडवावी अशी. शाळेत सगळे गालात हसले, आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. रविवारी मी चिक्कडपल्लीला तुमच्याकडे यायचे. तुम्ही चाकांना दगड लावून, जुना सलवार-कमीज घालून गाडीखाली आडव्या. इंजिन चालू, आणि हातात पेटलेली उदबत्ती. ती पाइपाच्या एकेका जोडाजवळ धरायची. धूर सरळ वर गेला तर जोड घट्ट, फडफडला तर तिथून गळतंय. शेजारीण भिंतीवरून डोकावते. "कारुकी पूजा चेस्तुन्नारा, टीचर गारू?" खालून तुमचा आवाज येतो, "अवुनंडी, प्रसादं लेदु." हो, गाडीची पूजाच आहे, पण प्रसाद नाही मिळायचा. मग अफझलगंजहून आणलेला क्लॅम्प चढवताना तुम्ही मला पाना धरायला लावता आणि मी जोर कमी लावला की ओरडता. तुमचं ओरडणं मला आवडायचं. मला जपून वागवत नसे असं दुसरं कुणी नव्हतं.

टायरही तुम्ही तसेच वाचायच्या. तळहात नक्षीवरून एकदा आत, एकदा बाहेर फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने बोचरं लागलं, की पुढची चाकं समांतर राहिलेली नाहीत. माझा हात धरून तुम्ही तो फरक दाखवलात. एकदा मीही पुढच्या टायरची बाहेरची कड झिजलेली शोधून काढली आणि ऐटीत म्हटलं, अलाइनमेंट गेली. तुम्ही चष्मा पुसलात. "नाही गं, ती माझी करामत. टँक बंडाच्या वळणावर मी जरा जोरात घेते." साठीला आलेल्या बाईने हे सांगताना लाजल्याचं नुसतं नाटक केलं होतं. त्याच दुपारी तुम्ही चावी माझ्याकडे टाकलीत. माझा डावा पाय क्लचला पोचणार नाही, असं मी म्हणाले. घरचे तेच म्हणत, मीही तेच धरून बसले होते. "मग सीट पुढं घे," तुम्ही म्हणालात, आणि बाजूला बसून पट्टा लावलात. मी तीनदा गाडी बंद पाडली. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, जशी काही तुम्हाला घाईच नाही. चौथ्यांदा ती निघाली.

बाई, मला लोकांसमोर चालायला आवडत नाही, अजूनही. पण डाव्या पायाने क्लच दाबत तुमच्या गाडीतून जाणारी मी कुणाच्याही बरोबरीची असते. हे माझ्या नवऱ्याला कळलेलं नाही, लेकीला तर नाहीच, आणि सांगायला गेले की गुडघ्याची गोष्ट निघते. त्यांचंही चुकत नाही. लेक चालवते छान. परवा तिने स्वतःहून टायरवर हात फिरवला, तेव्हा मला तुमची इतकी आठवण आली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तर इतकं मोकळं लिहिता आलं. आता राहिलेलं सांगते. जोड मी केव्हाच बदलला. उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. दर रविवारी मी गाडीखाली शिरते, क्लॅम्पचा नट थोडा सैल करते, आणि बाहेर येऊन लेकीला सांगते की अजून गळतंय.