उलट्या बाजूने सोडलेलं पाणी

मुनस्यारी, १४ ऑक्टोबर

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच पाया पडते. ट्रेक संपवून मी, तेजल आणि महेश काल सुखरूप खाली उतरलो. जेवण चांगलं मिळतंय, थंडीही सोसवते.

तिसऱ्या दिवशी वर ओढ्याला गाळाचं, राखाडी पाणी होतं. माझा छोटा फिल्टर तुंबला, थेंब येईना. तेजलला जुलाब लागलेले, शेगडीचा गॅस संपलेला, आणि तिघांत मिळून चांगलं पाणी उरलं होतं अर्धी बाटली.

तेव्हा बदलापूरला आपल्या मांजर्लीत आलेला पूर आठवला. घरचा फिल्टर धुताना तुम्ही म्हणाला होतात, "प्राची, गाळ आला त्याच वाटेने परत घालवायचा. आणि चांगल्याच पाण्याने, नाहीतर घाण आतच जाईल." मी तेव्हा कंटाळून ऐकत होते. माफ करा.

मी ती अर्धी बाटली मागितली. महेश म्हणाला, "येडी झालीस काय? एवढंच प्यायला उरलंय."

तेजल पडल्या पडल्या म्हणाली, "दे रे तिला."

फिल्टरसोबत मिळालेल्या पिचकारीत ते पाणी भरून मी फिल्टरमधून उलटं दाबलं. आधी नुसता चिखल आला. शेवटच्या पिचकारीला पाणी नितळ आलं. मग ओढ्याचं पाणी लावलं तर छान धार लागली. तेजलला मीठ-साखर घालून पाजलं. आता ती बरी आहे.

आईला जुलाबाचं सांगू नका. तुमचा खोकला कमी झाला का? औषध घेताय ना?

दोघांनी माझे खूप आभार मानले. मी म्हटलं, हे माझे नाहीत, बदलापूरला बाबांना पोचवते. म्हणून हे पत्र.

तुमची,
प्राची