टॉन्सिलची फाइल

हॅरो, ३ मार्च २००४

ती. दादास,
सुप्रभाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे अर्ध्यावरच थांबलेला). तुझं बीपी, वहिनीची पाठ बरी आहे ना?

"तुला टॉन्सिल झाले होते, एवढंच लक्षात ठेव," असं १९८१ साली हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला बजावलं होतंस. मी एकोणीस वर्षांची, केस गेलेले, छातीला विजेचा शेक (रेडिएशन) घेऊन नुकतीच सुटलेली. स्थळांना कॅन्सर चालत नाही, टॉन्सिल चालतात, हे मलाही कळत होतं. मी इतकं चोख लक्षात ठेवलं, की लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी सासूबाई मला आइस्क्रीमला हात लावू देत नाहीत. (वाढदिवसाच्या पार्टीत मला वेगळा, कोमट गुलाबजाम मिळतो.) शेकाची जागा चुकू नये म्हणून गळ्याखाली टोचलेले तीन निळे ठिपके त्यांना गोंदण वाटतात. "आजकालच्या मुली गोंदवतात कुठे!" म्हणून हॅरोभर माझं कौतुक झालं आहे.

गेल्या महिन्यात ब्लडप्रेशर बघणारी नर्स मात्र गोंदणाला फसली नाही. तरुणपणी छातीला शेक घेतलेल्या बायकांना वीसेक वर्षांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो म्हणे. शिवाय औषधं कुठली होती त्यावरून रक्त आणि हृदयही तपासायचं. म्हणजे पाहुणा गेला, पण जाताना पत्ता लिहून घेऊन गेला. तिने ज्यांच्याकडे पाठवलं त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोस किती, औषधं कुठली, कागद कुठे आहेत? मी म्हटलं, घरच्यांच्या मते मला काही झालेलंच नाही. त्या हसल्या. मग मी हसत नाही हे पाहून थांबल्या.

सगळ्यांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.
तुझी,
सुप्रभा

ता. क. फाइल जाळली असं तू सांगितलं होतंस. ती वहिनीच्या शालूखाली आहे. वहिनीनेच मला सांगितलं. (तिच्यावर ओरडू नकोस, पाठ दुखते तिची.) कुरिअरने पाठव.

ता. क. २. मॅमोग्राम झाला. डावीकडे काहीतरी दिसलं आहे. अठरा तारखेला सुई घालून तपासणार आहेत. नवऱ्याला, शशिकांतला, मी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय असं सांगितलं आहे. बघ, मी अजून तुझीच हुशार विद्यार्थिनी आहे.

ता. क. ३. फाइल नाही मिळाली तरी चालेल. सतरा तारखेला संध्याकाळी फोन कर आणि शशिकांतला तूच खरं काय ते सांग, की टॉन्सिल तुझे होते, माझे नव्हते. "आता कशाला उकरून काढायचं?" म्हणशील, माहीत आहे. तरी मी फोनजवळ बसेन. हातात आइस्क्रीम घेऊन, सासूबाईंच्या समोर.