पडद्यामागचं पाणी

२४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि हे गुडघ्यांपेक्षा जास्त. फोन न करता ताईनं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तू मुळात संशयी, असं मीच घरभर सांगत आले. तेव्हा आधी माझ्या संशयाचं ऐक.

आमचे म्हातारे डॉक्टर थकले, घरी बसले. त्यांच्या खुर्चीत तिशीतली डॉक्टरीण आलीय. येताना मुलांचे कान तपासायचं नवं यंत्र घेऊन आली. दिसतं कान बघायच्या जुन्या बॅटरीसारखंच, पण त्यातून हवेची बारीक फुंकर आणि आपल्याला ऐकू न येणारा आवाज कानाच्या पडद्यावर जातो. सोनोग्राफीचाच प्रकार. पडद्यामागे नुसती हवा आहे, पातळ पाणी आहे की घट्ट पू, ते स्क्रीनवर उमटतं. तिनं समजावलं तेव्हा मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, अठ्ठावीस वर्षं मी पोरांची डोकी धरून उभी आहे, मला नको शिकवूस.

मी गुपचूप एक वही केली. बॅटरीनं काय दिसलं, यंत्र काय म्हणालं, पुढं पोराचं काय झालं. चार दिवसांत हिचं पितळ उघडं पडणार, याची मला खात्री. ती चहाला गेल्यावर मी ते स्वतःच्या कानालाही लावून बघितलं. दोन्हीकडे हवा. मग वाटलं, हे मेलं सगळ्यांनाच हवा म्हणत असेल.

एक दीड वर्षाची मुलगी आली, रडून लालबुंद. कानही लाल. आई म्हणाली, "मागच्या वेळचंच औषध द्या." यंत्र म्हणालं, हवा. डॉक्टरीण म्हणाली, "रडून लाल झालाय. औषध नको. ताप चढला किंवा दुखणं वाढलं तर लगेच या." मला वाटलं, आता सापडली. तीन दिवस मी त्या आईला फोन केले. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "अहो सिस्टर, ती खेळतेय. तुम्हाला काय झालंय?"

तरी वही चालूच ठेवली. मागच्या महिन्यात एका गुरुवारी ती बंद केली.

पाच वर्षांची मुलगी. ताप नाही, दुखणं नाही. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी दिली होती, हाक मारली तरी बघत नाही. आई दमलेली. म्हणाली, "हट्टी आहे हो. दोन महिने ओरडतेय मी. परवा तर हात उचलला." बॅटरीनं पडदा ठीकच वाटला. यंत्रानं दोन्ही कानांत घट्ट पाणी दाखवलं. आईला पटेना. तिनं डॉक्टरणीकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, तुम्ही जुन्या. यावर विश्वास ठेवू का?"

धाकटे, ती खुर्चीत बसली होती तशीच तू बसली होतीस, तुझ्या ठमीला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "ठेवा. आणि पुन्हा तपासायला बोलावलं की याच. कुणी काही म्हणो." कानाच्या सर्जननं पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढलं. डिंकासारखं होतं म्हणे. काल आई सांगत होती, पोर म्हणाली, पंखा आवाज करतो.

आता जे लिहायचं ते लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ठमीचा कान बघितला. तू बाहेर तिला बूट घालत होतीस. ते मला म्हणाले, "पडदा ठीक दिसतोय, पण आईची शंका मला खोटी वाटत नाही. पंधरा दिवसांनी परत आणायला सांगा, मोठ्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करून घेऊ." मी बाहेर आले आणि तुला म्हटलं, "काही नाही झालेलं. उगाच दर आठवड्याला येऊ नकोस."

तू सारखी यायचीस याची मला लाज वाटायची. माझी बहीण म्हणून सगळे हसतात असं वाटायचं. एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

वर्षभरानं तिचा कान वाहू लागला, आतली हाडं झिजली होती. तू डॉक्टरांना नको ते बोललीस. ते खाली मान घालून ऐकत राहिले, कारण मी निरोप दिला असं ते धरून चालले होते. तुला वाटलं, त्यांनी चूक लपवली. तू एकदा मला विचारलंस, "ते आणखी काही म्हणाले होते का, ताई?" मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून तू माझ्याशी मोजकंच बोलतेस. तुला कळलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

ठमीच्या त्या कानाला आता या तपासायच्या यंत्राचा उपयोग नाही. मी डॉक्टरणीला विचारलं, कुणाचं ते न सांगता. ऑपरेशननं थोडंफार ऐकू येईल, पण आधी तपासावं लागेल, म्हणाली. काल संध्याकाळी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

म्हणून हे पत्र. ठमीला वाचायला द्यायचं की नाही, ते तू ठरव. ती सोळाची झाली, तिला तुझ्याकडूनच कळावं. माफी मागत नाही, कारण मागितली तर द्यावी लागते असं तुला वाटेल.

तुझी शंका खरी होती.

हे अकरा वर्षं दडवून बसलेली,
तुझी थोरली बहीण