डबीला हात कोणी लावला?

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा तेच! चहाचा कप पुढ्यात ठेवायचा अवकाश, की ह्यांनी विचारलं — "डबीला हात लावलास?"

नाही लावला. काल नाही, परवाही नाही. आणि त्या डबीत आहे तरी काय, हिरे? केसाएवढे ड्रिल बिट! शून्य पॉइंट तीन मिलिमीटर, शून्य पॉइंट चार. शिंक आली तर उडून जायचे. ह्यांच्या त्या टेबलावरच्या लाकडी खेळण्याएवढ्या बोटीला कठडा बसवायचाय — तारेचे बारीक खांब. त्या खांबांसाठी डेकच्या कडेने भोकं पाडत बसलेत. भोक पाडताना बिट तुटतो, आणि म्हणे मी मोडते!

कारखान्यात तपासनीस होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. आता निवृत्त झाले, मग उरले कोण? मी आहेच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ह्यांनी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात. माझ्याच घरात, माझ्यापासून! अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडी इतक्या जोरात घासली की पातेल्याचा कान निखळला. तर आतून विचारतात, काय मोडलंस आता?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कुलपातला बिटसुद्धा तुटला! मनात म्हटलं, बरं झालं. आता बोला.

तर बोलले. म्हणे, कुलूप लावायच्या आधीच मी तो झाडापुशीत वाकवून ठेवला असणार. वाकलेला बिट आज ना उद्या तुटणारच. वा! म्हणजे तुटला तरी मी आणि नाही तुटला तरी मीच. ह्या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं!

शनिवार, ८ नोव्हेंबर

लेकीचा फोन. बापाने आधीच कान भरले होते. म्हणाली, "आई, असेल झालं चुकून तुझ्याकडून. हो म्हण आणि सोडून दे ना."

पोटची पोर! तीसुद्धा! मी फोन ठेवून दिला. जे केलंच नाही त्याला हो म्हणू? मेले तरी म्हणणार नाही. एवढी वर्षं ह्यांच्या हो ला हो म्हणत आले, म्हणूनच ही वेळ आली.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज सरळ त्या दुकानात गेले, जिथून हे बिट आणतात. दुकानदार भला माणूस. त्याला म्हटलं, झाडताना हे वाकतात का हो? तो हसायलाच लागला. म्हणाला, हे कडक धातूचे, वाकतील कसले? हात सरळ असेल तर काही होत नाही. भोकात असताना हात जरा कलला, की तुटलाच.

ऐकलंत, तपासनीस? वाकत नाहीत! माझ्यासाठी एक नवी डबी घेतली. आता पुरावाच देते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बोलणं बंद. घरात टीव्ही तेवढा बोलतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हे केस कापायला गेले आणि मी ह्यांच्या टेबलाशी बसले. बिट धरायची ती पितळी दांडी घेतली, माझा बिट तिच्या तोंडात आवळला. एवढी वर्षं शेजारी बसून कपड्यांना काजं केली, ह्यांचं काम डोळ्यांसमोरच होतं. आधी सुईने खूण करायची. मग दांडीच्या टोकावर तर्जनी टेकवायची आणि अंगठ्याने नि मधल्या बोटाने अलगद फिरवायची. दाबायची नाही. भुसा फुंकायचा. पुन्हा फिरवायची.

लाकडाची टाकाऊ पट्टी घेतली होती. पहिला बिट तुटला माझ्याकडून, खोटं कशाला बोलू. पण मग जमलं! अख्खी ओळ पाडली, शिवणीसारखी सरळ. असा आनंद झाला! ही पट्टी नेऊन ह्यांच्या नाकासमोर नाचवणार. म्हणणार, बघा, बिट आपोआप तुटत नसतात, तुम्हीच तोडता. घ्या आता, तपासा!

पण नुसती पट्टी नको. ह्यांच्या हातात बिट तुटत असताना रंगेहाथ धरीन, आणि मगच पट्टी काढीन.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

धरलं.

दुपारी हे कामाला बसले. मी दाराच्या पडद्याआड, पट्टी मुठीत. ह्यांनी खूण केली, बिट टेकवला, आणि अंगठा हलायला लागला. नुसताच. ह्यांनी हलवला नव्हता. दांडी खाली ठेवली, हात मांडीवर ठेवला. अंगठा मांडीवरही हलतच होता. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला, पुन्हा बिट टेकवला. कट्!

ह्यांनी तुटलेलं टोक उचललं. मग मान वळवून दाराकडे बघितलं. मी आहे का, ते बघितलं! मी मागच्या मागे स्वयंपाकघरात पळाले. थोड्या वेळाने ह्यांच्या टेबलाकडून हाक आली — "डबीला हात लावलास ना?"

म्हणजे ह्यांना ठाऊक आहे! पहिल्यापासून ठाऊक आहे!

असा संताप आला, काय सांगू. माझ्यावर आळ घेतलात, कुलूप लावलंत, पोरीपुढे मला खोटं पाडलंत, पण एवढं एक सांगितलं नाहीत? मी काय परकी आहे? एकटेच बसून मनगट आवळताय, आणि मी इथे पातेली आपटतेय. नालायक माणूस! घाबरलाय. एवढा घाबरलाय आणि मला सांगत नाही.

पट्टी चुलीशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. रडले. चिडूनच रडले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. सोमवारची वेळ मिळाली. पण ह्यांना कसं न्यायचं? सरळ बोलले तर म्हणतील, मला काय झालंय? बिट तर तू मोडतेस.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी ह्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "डबीला मीच हात लावत होते. बिट मीच मोडले, सगळे. आणि उद्या आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय."

ह्यांनी दांडी खाली ठेवली. कोणाला, कशासाठी, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "किती वाजता?"