पान्हा

१९ जुलै, सलाला

निज्वाहून पहाटे निघालो. नऊशे दहा किलोमीटर, साडेअकरा तास. वाळवंटात चव्वेचाळीस अंश होते. थुमरैतपुढचा घाट लागला आणि गाडी पांढऱ्या धुक्यात शिरली. चोवीस अंश. हारिसने काच खाली करून भिजलेला हात माझ्या गालाला लावला. लग्नानंतरची ही पहिली सहल. नणंद गालियाही सोबत आहे. पावसाळी धुक्याचा हंगाम ऐन भरात, पार कुवेतपासूनच्या गाड्यांनी पठार भरलेलं. तंबूपुरती सहा बाय आठ मीटर जागा मिळाली. मी टेप काढला तर गालिया म्हणाली, "ठेव गं वहिनी तो. इथे रस्ता नाही आखायचाय तुला." रस्ते आखणं हीच माझी नोकरी. हसले. कणसं भाजून खाल्ली.

२० जुलै

मुघसैलच्या किनाऱ्याकडे. दृश्यमानता वीस मीटर. पुढेमागे गाड्यांची रांग, सगळ्यांचे पिवळे दिवे लुकलुकत. अकरा वाजून दहा मिनिटांनी उंटाचं पिल्लू आडवं आलं. आवाज मऊ होता. हारिसने ब्रेक दाबायला घेतला. मी म्हटलं, थांबू नकोस, मागचे आदळतील. ते खरं होतं. सहल बिघडेल, हेही मनात होतं. ते बोलले नाही. आरशात दिसलं: आई पिल्लावर मान टाकून उभी, रांग तिला वळसा घालून चाललेली. गालिया रडली, तिला गप्प केलं. बंपर पिण्याच्या पाण्याने धुतला.

२१ जुलै

सकाळी तुफूल नावाची डोंगरातली म्हातारी उंटीण घेऊन तंबूंमधून फिरत आली. खांद्यावर पिल्लाचं पेंढा भरलेलं कातडं. पिल्लू मेलं की ते आईपुढे धरतात. ती हुंगते, पान्हा सोडते. पण तुफूल तिला एकेक गाडी हुंगवत होती. शेजारचा कुवेती म्हणाला, "आजी, गाडी दूध देत नाही हो." त्याने फोटो काढले. उंटीण आमच्या बंपरपाशी थांबली. हारिस लगेच पुढे झाला. म्हणाला, चूक माझी एकट्याची, भरपाई देतो. मी गप्प राहिले. तुफूल म्हणाली, "राहू दे तुझ्यापाशी. ही पेंढ्याला फसत नाही, पोरा. कालपासून थेंब नाही." उंटिणीने हारिसची मान हुंगली. सावकाश, दोन्ही बाजूंनी.

२२ जुलै

तंबूभोवती उंटाच्या पावलांचे ठसे. पूर्ण वर्तुळ, नऊ मीटरवर. दुपारी पुन्हा मोजलं. चार मीटर. हारिसच्या अंगाला आंबूस दुधाचा वास येतो. दोनदा अंघोळ केली त्याने. उद्या निघायचं ठरलं.

२३ जुलै

निघालो. चार तासांत सातशे मीटर. उंटीण रांगेत आमच्याबरोबर चालते आहे, हारिसच्या खिडकीशी. काच चाटते. बाजूच्या गाडीतलं कुणी तिच्याकडे बघत नाही. हारिस म्हणाला, तिला काय हवंय ते बघून येतो. मी हात धरला. त्याने सोडवला. तीन पावलं दिसली, मग —

२४ जुलै

पोलीस म्हणाले, धुक्यात रोज माणसं चुकतात, सापडतात. गालियाला चौकीत बसवलं. ठशांमागे एकटी आले.

तुफूलचं कुंपण. बाहेर पेंढा, उपसून टाकलेला. आत कातडं, चार पायांवर उभं, गच्च. लांबी एकशे दहा सेंटिमीटर. हारिस एकशे अठ्ठ्याहत्तर. हिशेब बसत नाही. उंटीण ते चाटते आहे. दूध — धारेवर धार —

तुफूलला सांगितलं. थांबू नकोस, असं मीच म्हटलं होतं. मला घे. ती धार काढतच राहिली. "ठाऊक आहे, पोरी. हिने हुंगलं तेव्हाच कळलं. म्हणून तर तुला बाहेर ठेवलं. बघत बस, ही बसली होती तशी."

ती भांडं घेऊन गेली. शिवण पोटाखाली. एकेचाळीस टाके. चाकू आहे. कातडं श्वास घेतं — मिनिटाला चौदा —

पहिला टाका कापला. आतून बोट —

उंटिणीने चाटणं थांबवलं. धार आटली. ती वळली, माझी मान —